घर तरंगतंय, पाना घ्या हाती!

लंडनच्या कालव्यांवर हजारो माणसं बोटीत संसार थाटून राहतात. तिथे नळ, पंप, बंब आणि फ्रिज या चौकडीचं ‘रिफिट’ बहुतेकदा मालकालाच करावं लागतं. त्याचा फंडा काय, घोडं नेमकं कुठे अडतं आणि हात कुठे अजिबात लावायचा नाही?

लंडनला ऑनसाइट गेलेल्या कुठल्याही मित्राला विचारा, ‘काय रे, कसं चाललंय?’ तो आधी थंडीबद्दल बोलेल आणि लगेच घरभाड्याबद्दल. पगार पौंडांत मिळतो हे खरं, पण भाडंही पौंडांतच द्यावं लागतं ना! मग एखाद्या रविवारी हा मित्र पॅडिंग्टनजवळच्या ‘लिटल व्हेनिस’मध्ये फिरायला जातो. कालव्याच्या काठाला रांगेने लांबुळक्या, रंगीबेरंगी बोटी उभ्या असतात. छपरावर तुळशीएवढ्या कुंड्या, सायकल, सोलर पॅनेल. आतून कॉफीचा वास. आणि मनात किडा वळवळायला लागतो, ‘आपणही असं राहिलो तर?’

हा किडा आजवर अनेकांना चावलाय. फ्लॅटच्या किमतीच्या एका छोट्या हिश्श्यात जुनी बोट मिळते, त्यामुळे लंडनमध्ये बोटीवर राहणाऱ्यांत तरुण नोकरदार बरेच दिसतात. पण ही बोट घेतली की पहिल्याच आठवड्यात कळतं, घर तर मिळालं, पण नळ थुंकतोय, पंप रात्री दोन वाजता आपोआप गुरगुरतोय आणि फ्रिजमधलं दूध सकाळी आंबट लागतंय.

आपल्याकडे अशा वेळी काय करतात? ‘माणूस’ बोलावतात! आपल्याकडे प्रत्येक गोष्टीचा एक माणूस असतो. नळाचा माणूस, फ्रिजचा माणूस, वायरिंगचा माणूस. बोटीवरही कारागीर मिळतात, पण त्यांचे दर ऐकून दातखीळ बसते आणि बोलावलं तरी पत्ता काय सांगणार? कायमची जागा नसलेल्या बोटीला एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, असा १९९५ चा कायदाच आहे. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग २०१२ पासून सांभाळणारी ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही संस्था त्यावर लक्ष ठेवून असते. म्हणजे कारागिराची तारीख मिळेपर्यंत तुमचं घर दोन पूल पुढे गेलेलं असतं. थोडक्यात काय, बोटीवरचा ‘माणूस’ तुम्हीच!

आधी वजाबाकी, मग खरेदी

नवखे लोक इथेच फसतात. बोट घेतली की थेट दुकान गाठतात. मोठा फ्रिज, मोठा पंप, मोठी बॅटरी! पण ‘नॅरोबोट’ नावाची ही बोट जेमतेम ६ फूट १० इंच रुंद असते. आपल्या एसटीपेक्षाही अरुंद. लांबी ५७ फुटांच्या आसपास ठेवली तर बहुतेक सगळ्या कालव्यांत फिरता येतं. एवढ्या डब्यात सामान कोंबण्याआधी कागद-पेन घ्यायचं आणि दोनच हिशेब मांडायचे. दिवसाला पाणी किती लिटर? आणि दिवसाला वीज किती?

पाण्याचं बघा. शहरी माणसाला रोज १३५ लिटर पाणी हवं, हा आपल्याकडच्या सरकारी नियोजनाचा आकडा. बोटीच्या पुढच्या टोकाला समजा ४०० लिटरची टाकी आहे आणि राहणारे दोघं आहेत. १३५ च्या हिशेबाने दुसऱ्याच दिवशी टाकी ठणठणीत! तेच दोघांनी मिळून ५० लिटरमध्ये भागवलं तर आठ दिवस निघतात. साध्या शॉवरमधून मिनिटाला ८ लिटर पाणी जातं असं धरलं, तर पाच मिनिटांची अंघोळ ४० लिटरला पडते. म्हणजे रिफिटमधली सगळ्यात फायद्याची खरेदी मोठी टाकी नाहीच. दांड्यावरच बंद-चालू करता येणारा, कमी पाणी सोडणारा शॉवर ही ती खरेदी. बादली-तांब्यावर वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता वीज. बोटीवर ती १२ व्होल्टच्या बॅटरीतून येते आणि अँपिअर-अवरमध्ये मोजतात. पाण्याचा पंप आवाज फार करतो, पण खातो कमी. दिवसभरात मोजून सहा-सात मिनिटं चालला तर एक अँपिअर-अवरसुद्धा जात नाही. फ्रिज मात्र गप्प बसून खातो! छोटा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर ओढतो. दिवसातला ४० टक्के वेळ तो चालू राहिला तर ४ गुणिले ०.४ गुणिले २४, म्हणजे ३८ अँपिअर-अवर. रोज चार तास लॅपटॉप चालवला तर त्याचे २० धरा. दिवे, पंप, मोबाइल मिळून १२. झाले ७०.

समजा ११० च्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत, एकूण २२०. या बॅटऱ्या अर्ध्याच्या खाली नेल्या की त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हाताशी खरे ११०. दीड दिवसात खेळ खलास! मग इंजिन चालवून चार्ज करा. तेही रात्री ८ ते सकाळी ८ नाही, कारण शेजारी झोपलेत आणि ट्रस्टचा नियम आहे. छपरावरचं सोलर जूनमध्ये राजा असतं, डिसेंबरमध्ये लंडनचा दिवसच आठ तासांचा, तोही ढगाळ.

म्हणून रिफिटचा क्रम लक्षात ठेवा. आधी कमी करा, मग मोजा, मग बसवा.

टाकी ते नळ

सोसायटीत राहणाऱ्याला बोटीचं प्लंबिंग समजायला पाच मिनिटं पुरतात. खाली टाकी, मग मोटर, मग वर नळ. फरक इतकाच की बोटीत वरची टाकी नसते. पंपातच दाबावर चालणारा स्विच असतो. नळ उघडला, दाब घसरला की पंप सुरू. नळ बंद केला, दाब भरला की पंप बंद. वॉचमनने पाणी सोडायची भानगड नाही.

सुरुवात टाकीपासून करा. जुन्या बोटींत टाकी म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा पोलादी कप्पाच असतो. ती रिकामी करून, गंज खरवडून, पिण्याच्या पाण्याला चालेल असाच रंग आत लावायचा आणि नीट वाळू द्यायचा. पंपाच्या आधी जाळीचा गाळणा हवाच, नाहीतर गंजाचा एक कण पंपाचा झडपा अडवतो आणि तुम्ही नवा पंप घेऊन मोकळे होता.

पाइप कुठला? पूर्वी तांब्याचा असायचा. आता १५ मिलिमीटरचा प्लास्टिक पाइप आणि ढकलून बसवायचे जोड हे सगळ्यांचं आवडतं कॉम्बिनेशन. वेल्डिंग नाही, आग नाही, आणि बोट थरथरली तरी पाइप थोडा लवतो. पण इथे शिस्त पाळावी लागते. पाइप करवतीने नाही, पाइप कटरनेच कापायचा, अगदी काटकोनात. टोकाच्या आत आधाराची नळी घालायची. किती आत जायला हवा त्याची पेन्सिलने खूण करायची. मग ढकला, खुणेपर्यंत गेला का बघा आणि उलटा जोरात ओढून बघा. निघाला नाही, तरच पुढचा जोड.

पंप थेट फळीवर ठोकू नका. रबरी पायांवर बसवा आणि दोन्ही बाजूंना थोडा लवचीक होज द्या. नाहीतर सहा वाजता उठणाऱ्याच्या चहामुळे आठ वाजता उठणाऱ्याचं घटस्फोटापर्यंत जायचं! पंपानंतर ‘अ‍ॅक्युम्युलेटर’ नावाची छोटी टाकी बसवली की आणखी आराम. तिच्या आत रबरी पडद्याआड हवा असते, ती दाब धरून ठेवते, त्यामुळे ग्लासभर पाण्यासाठी पंप दर वेळी दचकून उठत नाही.

गरम पाणी? बोटीवर ‘कॅलोरिफायर’ असतो. नाव भारदस्त, पण हा आपल्या बंबाचाच इंग्रज चुलतभाऊ. कोळशाऐवजी इंजिन थंड करणारं गरम पाणी त्याच्या पोटातल्या गुंडाळीतून फिरतं आणि टाकीतलं पाणी तापवतं. म्हणजे बॅटरी चार्ज करायला इंजिन तासभर चालवलं की अंघोळीचं पाणी बोनस. मात्र हे पाणी ८० अंशांपर्यंत तापू शकतं, त्यामुळे नळाआधी गार पाणी मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह लावणं सक्तीचं समजा. शिवाय पाणी तापलं की फुगतं. फुगलेल्या पाण्याला जागा देणारी छोटी टाकी आणि जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह, दोन्ही हवेत. त्या व्हॉल्व्हची नळी बोटीच्या बाहेर काढा, तळात नको.

तळाचं एवढं का? कारण या घराची खरी भीती तिथेच आहे. फ्लॅटमध्ये पाइप गळला तर खालच्या मजल्यावरचे काका भांडायला वर येतात. बोटीत खाली काका नाहीत! पाणी फळीखालच्या पोकळीत, म्हणजे बिल्जमध्ये, गुपचूप साठत राहतं. पोलाद आतून गंजत जातं आणि वरून सगळं छान दिसतं. म्हणून फळ्या बंद करण्याआधी पंप चालू ठेवा, प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा आणि रात्रभर झोपा. सकाळी जो टिश्यू ओला, तो जोड चोर. आणि कुणी नळ न उघडताही पंप मध्येच गुरगुरला, तर त्याला शिव्या देऊ नका. पाणी कुठेतरी निसटतंय, हे सांगणारा तो पहिला जागल्या आहे.

हिवाळ्यासाठी एक गोष्ट आत्ताच करून ठेवा. पाइपांना थोडा उतार द्या आणि सगळ्यात खालच्या बिंदूला पाणी सोडायची तोटी लावा. नाताळात घरी पुण्याला यायचं तर आधी सगळं पाणी सोडून यायचं. गोठलेलं पाणी फुगतं आणि पंप, जोड, नळ सगळ्यांना तडे देतं.

फ्रिज बिघडत नाही, उपाशी राहतो

आता मुख्य पाहुणे. बोटीवरच्या फ्रिजबद्दलची सर्वांत कॉमन तक्रार असते, ‘नवा घेतला तरी थंड करत नाही.’ बहुतेकदा फ्रिज ठणठणीत असतो. त्याच्यापर्यंत वीजच पोचत नाही!

गणित सोपं आहे. बॅटरी मागे, इंजिनजवळ. स्वयंपाकघर पुढे, समजा ८ मीटरवर. वीज जाते आणि परत येते, म्हणजे वायर १६ मीटर. त्यातून ५ अँपिअर वाहतायत आणि वायर आहे घरातल्या दिव्याची, १.५ चौरस मिलिमीटरची. वाटेतच जवळपास ०.९ व्होल्ट गळतात. घरच्या २३० व्होल्टमध्ये ०.९ कुणाच्या खिजगणतीत नाही. पण १२ मध्ये? अर्धी रिकामी बॅटरी १२.२ दाखवत असेल तर फ्रिजला मिळतात ११.३. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका याहून मोठा असतो, तेव्हा व्होल्टेज आणखी घसरतं आणि बॅटरी वाचवण्यासाठी फ्रिजचा कंट्रोलर स्वतःच बंद पडतो. तेच १० चौरस मिलिमीटरची जाड वायर टाकली की गळती ०.१५ व्होल्टच्याही खाली येते. नवा फ्रिज घेण्याआधी नवी वायर घ्या, बॉस! आणि बॅटरीजवळ फ्यूज विसरू नका, कारण जाड वायरमध्ये शॉर्ट झाला तर आग लागायला वेळ लागत नाही.

असे अनेक फ्रिज डॅनफॉसच्या बीडी मालिकेतल्या छोट्या कॉम्प्रेसरवर चालतात. २०१० मध्ये डॅनफॉसने हा धंदा विकला, तेव्हापासून ते सेकॉप नावाने येतात. त्यांच्या कंट्रोलरला एक छोटा एलईडी जोडता येतो आणि तो चक्क दुखणं सांगतो. एकदा लुकलुकला तर व्होल्टेजची बोंब. पाचदा लुकलुकला तर कंट्रोलर तापलाय, म्हणजे हवा खेळत नाही. काही पेन्सांचा दिवा, पण मेकॅनिकची एक फेरी वाचवतो.

हवेचं असं आहे की फ्रिज थंडी ‘तयार’ करत नाही, तो आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. पण हौसेने केलेल्या फर्निचरमध्ये आपण त्याला चारही बाजूंनी कोंबतो. मग तो स्वतःच टाकलेली उष्णता पुन्हा पुन्हा उचलत बसतो. उपाय फुकटातला. खाली फळीला भोक पाडा म्हणजे तळाची गार हवा आत येईल, वर जाळी द्या म्हणजे गरम हवा निघून जाईल. गरज वाटली तर कॉम्प्युटरमधला छोटा पंखा लावा. चालू राहण्याचा वेळ ४० टक्क्यांवरून ३० वर आला तरी दिवसाला जवळपास १० अँपिअर-अवर वाचतात. म्हणजे लॅपटॉपचे दोन तास!

दुसरा उपाय इन्सुलेशन, आणि याची गोष्ट आपल्या जवळची आहे. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बोस्टनहून कलकत्त्याला जहाजाने १८० टन बर्फ पाठवला. चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, त्यातला सुमारे १०० टन शाबूत पोचला. पुढे मुंबईकरांनाही असा परदेशी बर्फ मिळू लागला. तेव्हा ना कॉम्प्रेसर होता, ना वीज. होती फक्त झाडाची साल आणि भुसा असल्या साध्या वस्तूंची जाड आवरणं. आजच्या फोमच्या शीटपुढे भुसा काहीच नाही, मग आपल्या फ्रिजला का घाम फुटावा? कॉम्प्रेसर आणि जाळी सोडून बाकीच्या बाजूंना फोम लावा. दाराचं रबर तपासा. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर रबर बदला.

आता जागेवर ठरवा, दार पुढे की झाकण वर? थंड हवा जड असते. पुढचं दार उघडलं की ती पायावर सांडते, वरचं झाकण उघडलं तर जागेवर बसून राहते. म्हणून शिडाच्या बोटींत वरून उघडणारी पेटीच जास्त दिसते. तिथे लोक जुन्या बर्फपेटीत तयार भरलेल्या गॅसचा कॉम्प्रेसर आणि थंड प्लेट असलेलं किट बसवतात. नॅरोबोटीत मात्र ओटा कमी असल्याने बहुतेक जण पुढच्या दारावर समाधान मानतात.

आणि घरचाच २३० व्होल्टचा फ्रिज इन्व्हर्टरवर चालवला तर? चालतो, स्वस्तही पडतो. पण मग इन्व्हर्टर रात्रंदिवस जागा राहतो आणि नुसता जागा राहण्याचीही वीज खातो. भरपूर सोलर आणि लिथियम बॅटऱ्या असतील तरच हा शौक करा.

शेवटची आजीबाईची युक्ती. दुपारी सोलर जोरात असतं तेव्हा पाण्याच्या दोन बाटल्या बर्फाच्या कप्प्यात गोठवा, रात्री खाली फ्रिजमध्ये ठेवा. बॅटरीत साठवायची वीज बर्फात साठवली, झालं!

इथे मात्र हात जोडा

‘स्वतः करा’ याचा अर्थ ‘सगळंच स्वतः करा’ असा नाही. बोटीला दर चार वर्षांनी ‘बोट सेफ्टी स्कीम’ची तपासणी पास व्हावी लागते. ती नाही तर लायसन्स नाही, आणि लायसन्स नाही तर कालव्यावर घर नाही. इथे नापास होणं म्हणजे थेट डोक्यावरचं छप्पर.

- स्वयंपाकाचा गॅस: हवेपेक्षा जड असल्याने गळला की बोटीच्या तळात साठतो, आणि तिथून बाहेर पडायला वाट नसते. राहत्या बोटीवरचं गॅसचं काम अधिकृत ‘गॅस सेफ’ कारागिरानेच करायचं. गॅसवर चालणारा जुना फ्रिज काढण्याचं कामही यातच आलं.
- फ्रिजची बंद नळी: कापायची नाही, भोक पाडायचं नाही. शीतक गॅस हाताळायला ब्रिटनमध्ये प्रमाणपत्र लागतं.
- पाण्याच्या रेषेखालची भोकं: नवीन भोक पाडणं किंवा जुना व्हॉल्व्ह बदलणं हे बोट पाण्याबाहेर काढल्यावरचं काम. अंघोळीचं पाणी बाहेर टाकणारी भोकंही पाण्याच्या रेषेपासून चांगली वर ठेवा.
- २३० व्होल्ट: किनाऱ्यावरची वीज आणि पोलादी बोट ही जोडी जाणकाराकडेच सोपवा.
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म: २०१९ पासून सक्तीचा. बॅटरी काढून रिमोटमध्ये घालू नये!

चार वीकएंडचा प्लॅन

पहिला वीकएंड: काही विकत घेऊ नका. सात दिवसांचं पाणी आणि वीज लिहून काढा, जुन्या पाइपांचा नकाशा काढा, फोटो घ्या.
दुसरा वीकएंड: टाकी, गाळणा, पंप, गार पाण्याची लाइन. रात्री टिश्यू टेस्ट.
तिसरा वीकएंड: बंब, मिक्सिंग व्हॉल्व्ह, गरम लाइन. पुन्हा टिश्यू टेस्ट. टाकीचा रंग ओला असेल तर हा वीकएंड पुढे ढकला, घाई नको.
चौथा वीकएंड: फ्रिजची वायर, फ्यूज, हवा, फोम. नवा फ्रिज घ्यायचा की नाही, ते आत्ता ठरवा. बहुतेकदा जुनाच चालून जातो.

सरतेशेवटी एक कडू गोळी. बोट म्हणजे फुकटातलं लंडन नव्हे. लायसन्स, विमा, डिझेल, कोळसा आणि दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून तळाला काळा रंग, हे सगळं मोजावंच लागतं. कायमची जागा नसलेल्यांना २०२४ पासून लायसन्सवर जादा आकारही आहे. पण हे काम एकदा स्वतःच्या हाताने केलेला माणूस पुढे कुठेही राहायला गेला तरी वेगळा असतो. नळ उघडला की पाणी कुठून येतं आणि फ्रिज रात्री का गुरगुरतो, हे त्याला ठाऊक असतं. वीस मजली टॉवरमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ते माहीत आहे? येत्या रविवारी निदान फ्रिजच्या दारात कागद धरून बघा. सहज निघाला, तर तुमचंही रिफिट सुरू झालं म्हणायचं!